कल्याणचा मत्स्यविनोद आणि थंडीतला समुद्र

समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत, जिथे वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि मांजरेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते, अशा मुलखात आयुष्य काढलेल्या शाळामास्तराने खाऱ्या पाण्यातील मासेमारीवर लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना हसू येईल. त्यातही विषय साध्या गळाचा नाही. हलक्या काठीने, पिसांची कृत्रिम माशी फेकून, तीही कडाक्याच्या थंडीत समुद्रकाठी उभे राहून मासा धरण्याचा. असा छंद आमच्या बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांत कोण करणार, अशी शंका कोणी काढली तर ती गैर नाही. परंतु या शंकेला उत्तर आहे, आणि ते आमच्याच जिल्ह्याच्या मातीत आठ-नऊशे वर्षे पडून आहे.

बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर इ. स. ११२६ च्या सुमारास येथे सिंहासनावर बसला व सुमारे बारा वर्षे त्याने राज्य केले. ‘भूलोकमल्ल’ हे त्याचे बिरुद. रणांगणापेक्षा विद्येत अधिक रमलेल्या या राजाने इ. स. ११२९ च्या आगेमागे ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ रचला. पाच विंशती आणि शंभर अध्याय असा त्याचा विस्तार. राज्यकारभार, वास्तुशिल्प, स्वयंपाक, गायन, चित्रकला, हत्ती-घोड्यांची परीक्षा, यांपैकी काहीही या राजाच्या नजरेतून सुटलेले नाही. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथात आहे. कानडी मुलखातला राजा संस्कृतात लिहितो आणि मराठी बायकांच्या ओवीची दखल घेतो, हे सीमाभागात राहणाऱ्या आम्हा मंडळींना फार जवळचे वाटते.

त्याच ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण येते. गळाने मासे धरण्याच्या छंदावर भारतात झालेल्या जुन्यांतल्या जुन्या पद्धतशीर लेखनात त्याची गणना होते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला ‘मानसोल्लास’ छापला गेला, आणि पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक व विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर अभ्यासपूर्ण निबंध लिहून ते जगापुढे आणले. राजाने पस्तीसच्या आसपास माशांची नावे दिली आहेत. कोणता समुद्रात राहतो व कोणता नदीत, कोणाच्या अंगावर खवले आहेत व कोणाच्या नाहीत, कोण आकाराने थोर व कोण लहान, अशी वर्गवारी केली आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे हे सांगितले आहे आणि मग काठी, दोरी व गळ यांचा विचार केला आहे.

वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी मासा ओळखावयाचा, मग त्याचे खाणे ओळखावयाचे, आणि हत्यार सर्वांत शेवटी हाती घ्यावयाचे. बाजारात जाऊन आधी भारी काठी विकत घेणारा नवशिका हा क्रम उलटा करतो. राजधानीतून समुद्र दिसत नसतानाही कल्याणच्या राजाने समुद्रातल्या माशांना आपल्या यादीत स्थान दिले. तेव्हा त्याच मुलखातल्या मास्तराने त्याच वाटेने चार पावले टाकली, तर ते फारसे जगावेगळे होणार नाही.

कृत्रिम माशी म्हणजे काय?

साध्या गळात शिशाचे वजन असते. ते वजन दूर जाते आणि आपल्यामागून दोरी ओढून नेते. कृत्रिम माशीच्या पद्धतीत हे सारे उलटे होते. आकड्यावर पिसे, केस किंवा धागे बांधून केलेले हे आमिष इतके हलके असते की ते स्वतः हातभरही जाऊ शकत नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. काठीच्या फटकाऱ्याने ही जाडसर, जड दोरी हवेत उलगडत जाते आणि टोकाची माशी आपल्याबरोबर घेऊन जाते. थोडक्यात, साध्या गळात आमिष फेकतात आणि येथे दोरी फेकतात. एवढे एक वाक्य मनात ठसले की निम्मी विद्या आली असे समजावे.

ही युक्ती नवी नाही. मॅसेडोनियातील लोक आकड्यावर लाल लोकर गुंडाळून व त्यावर कोंबड्याची पिसे लावून नदीतले मासे धरीत, असे इलियन या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचा गळावरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये निघाला. आपल्याकडे दक्षिण कानडा जिल्ह्यात नोकरी केलेल्या हेन्री सलिवन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातील गळाच्या शिकारीवर १८७३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. मात्र हे सारे मुख्यतः गोड्या पाण्याचे शास्त्र. खाऱ्या पाण्यात पिसांची माशी फेकण्याचा छंद खऱ्या अर्थाने पसरला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेच्या किनाऱ्यावर. नायलॉनचा धागा १९३८ मध्ये जाहीर झाला, पाठोपाठ काचतंतूच्या व पुढे कार्बनतंतूच्या काठ्या आल्या, आणि समुद्रातल्या दांडग्या माशालाही पेलेल असे हलके साहित्य सामान्य माणसाच्या हाती पडले. लेफ्टी क्रे या अमेरिकन गृहस्थाने १९७४ मध्ये या विषयावर लिहिलेले पुस्तक पुष्कळांचे पहिले क्रमिक पुस्तक ठरले.

येथे नावाचा घोटाळा मात्र टाळावा. समुद्रात माशा क्वचितच असतात आणि समुद्रातला मासा माशीसाठी वर येत नाही. खाऱ्या पाण्यातली ‘माशी’ म्हणजे बहुधा लहान मासोळीची किंवा कोळंबीची नक्कल असते. पांढरी लांब पिसे बांधून केलेली मासोळी आणि डोळ्यांच्या जागी धातूचे दोन मणी बसवून तळाकडे झेपावणारी मासोळी, असे दोन नमुने जवळ असले तरी नवशिक्याचा पहिला हंगाम आरामात पार पडतो.

थंडीतच का?

आमच्या पठारावर हिवाळा म्हणजे पहाटेची हुडहुडी आणि दहा वाजता अंगावरून उतरणारी शाल. कारंजा धरणाच्या काठी जानेवारीत सकाळी पाण्यावर वाफा दिसतात. रोहू, कटला, मृगळ या आपल्या माशांची वीण पावसाळ्यात होते, म्हणून हिवाळ्यात गळ टाकणारा निदान पोटुशी मादी मारण्याच्या दोषातून सुटतो. कारवारपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे गढूळ पाणी दिवाळीपर्यंत निवळते, समुद्र शांत होतो आणि खाड्यांच्या मुखाशी जिताडा, तांबोशी, रावस यांची वर्दळ असते. जिताड्याला गोव्याकडे चोणक म्हणतात. नाताळच्या सुटीत काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या पायथ्याला उभे राहून भरतीचे पाणी आत येताना पाहणे, हा आमच्या मते मराठी माणसाने एकदा तरी घ्यावा असा अनुभव आहे. तेथील थंडी मात्र नावापुरतीच. पाणी बाराही महिने उबदारच असते.

खरी थंडी उत्तरेकडच्या समुद्रांवर, आणि आज मराठी घरे तिकडेही थोडी नाहीत. आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक विद्यार्थी नोकरीनिमित्त डेन्मार्कमध्ये राहतो. तेथल्या डिसेंबरात दुपारी चारच्या आत काळोख होतो आणि घरात कोंडलेल्या माणसाचे मन आंबून जाते, असे तो कळवितो. त्याला सावरले ते या छंदाने. तेथील समुद्री ट्राउट मासा हिवाळ्यात उघडा, खारट व थंड समुद्र टाळून कमी खाऱ्या, उथळ खाडीत शिरतो. कारण पाणी अतिथंड झाले की शरीरातील क्षारांचा तोल सांभाळणे त्याला जड जाते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्याने, जेथे मराठी वस्ती मोठी आहे, पट्टेदार बास नावाचा मासा शरद ऋतूच्या अखेरीस थव्याथव्यांनी दक्षिणेकडे सरकतो. त्या मुलखातल्या वाचकांना ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ शिकण्यास उत्तम.

थंडीचे एक शास्त्र येथे सांगितले पाहिजे. माशाचे रक्त सभोवतालच्या पाण्याइतकेच गार असते. पाणी थंड झाले की त्याची पचनशक्ती व हालचाल दोन्ही मंदावतात. तो खातो, पण धावून खात नाही. म्हणून उन्हाळ्यात ज्या वेगाने आपण माशी ओढतो त्याच्या निम्म्या वेगानेही थंडीत ओढू नये. चार बोटे ओढावी, थांबावे, मनात तीन आकडे मोजावे आणि पुन्हा ओढावे. आम्हाला तर हा नियम वर्गातल्या मंद मुलाला शिकविण्यासारखाच वाटतो. प्रश्न विचारून थांबता येणे, हीच दोन्हीकडे गुरुकिल्ली.

साहित्य

काठीला वजनाचा क्रमांक असतो. गोड्या पाण्यातल्या लहान माशांसाठी चार ते सहा, तर समुद्रासाठी आठ किंवा नऊ. नऊ फूट लांबीची आठ क्रमांकाची एक काठी नवशिक्याला बहुतेक ठिकाणी पुरते. दोरी त्याच क्रमांकाची घ्यावी. काठी आठची आणि दोरी पाचची, असा जोड केला तर फेक कधीच साधणार नाही. दोरीचे तरंगणारी, हळू बुडणारी व वेगाने बुडणारी असे प्रकार मिळतात. थंड समुद्रात हळू बुडणारी दोरी सोयीची, कारण ती लाटांच्या खळबळीखाली जाऊन माशी माशाच्या पातळीवर ठेवते. आणखी एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून विचारावी. उष्ण प्रदेशासाठी केलेली दोरी थंडीत ताठ होते व तिची वेटोळी सुटत नाहीत, तर थंड प्रदेशाची दोरी आपल्या उन्हात लिबलिबीत होते. भारतातून परदेशी जाताना साहित्य नेणाऱ्यांनी हे विसरू नये.

रिळावर मुख्य दोरीच्या मागे दीड-दोनशे मीटर बारीक मजबूत दोरा गुंडाळलेला असावा, कारण समुद्रातला मासा एका दमात पुष्कळ दूर पळतो. दोरीच्या पुढे नऊ फुटांचा पारदर्शक धागा आणि त्याच्या टोकाला माशी. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने तापून धागा दुबळा करते. ओढून घेतलेली दोरी लाटेत गुरफटू नये म्हणून कमरेला एक उघडी टोपली बांधतात. ती प्लास्टिकच्या साध्या टबापासून घरीही होते. आणि घरी परतल्यावर काठी, रीळ, दोरी सारे गोड्या पाण्याने धुवावे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. एका रात्रीत ते रिळाच्या पोटात आपले काम सुरू करतात.

सराव मैदानावर

पाण्याकडे जाण्यापूर्वी निदान पंधरा दिवस कोरड्या जमिनीवर सराव करावा. माशीच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधला की कोणाला इजा होत नाही. आम्ही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी हा प्रयोग करीत असू, तेव्हा कुंपणापाशी जमलेली मुले मास्तर पतंगाशिवाय मांजा का उडवितात, असे एकमेकांना विचारीत. घड्याळाची कल्पना करावी. समोर नऊ, डोक्यावर बारा, पाठीमागे तीन. काठी समोरून उचलून एकाच्या काट्यापाशी थबकवावी. दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहावी. मग तीच काठी दहाच्या काट्यापर्यंत आणून पुन्हा थबकवावी. शक्तीचे येथे काम नाही. दोरी मागे उलगडण्याआधी जो घाई करतो त्याच्या दोरीचा चाबकासारखा आवाज होतो आणि टोकाची माशी तुटून जाते. तरुण मुले जोर लावतात व थकतात. चाळिशी उलटलेली माणसे वाट पाहतात व शिकतात. चाळीस फूट फेक नेमकेपणाने साधली की पाण्याकडे निघावे. काठालगतच्या खोलगटीत, आपल्या पायांपासून वीस-तीस पावलांवरच मासे असतात, ही गोष्ट लांब फेकण्याच्या हव्यासात पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

डोळ्यांवर चष्मा व डोक्यावर टोपी हवीच. वारा उजव्या अंगाने येत असेल तर उजव्या हाताने फेकू नये, कारण तो आकडा आपल्याच कानाशी आणून सोडतो. आकड्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. त्याने माशाचे कमी हाल होतात, आणि प्रसंगी आपल्या बोटाचेही.

पाणी वाचावे

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. दोन भरतींमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हे ज्ञान आपल्या पंचांगातून सहज मिळते आणि कोकणातल्या कोळ्याला ते तोंडपाठ असते. पाणी वाहते असावे, हा मुख्य नियम. साचलेल्या पाण्यापेक्षा चढत्या किंवा उतरत्या पाण्यात लहान मासोळी वाहत येते आणि मोठा मासा खडकाच्या, वाळूच्या दांड्याच्या किंवा ओहोळाच्या मुखाच्या आडोशाला तिची वाट पाहतो. थंड देशात आणखी एक खूण पाहावी. उन्हाच्या दिवशी दुपारनंतर उथळ, काळ्या तळाची खाडी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा अंशभर तरी उबदार होते आणि गारठलेला मासा तेथे येतो. उन्हाळ्यात पहाट साधावी, थंडीत दुपार. पहाटे उठण्याचा आळस असणाऱ्यांना ऋतूने दिलेली ही सवलतच म्हणावयाची.

थंडीशी खेळ नाही

आता जे सांगावयाचे आहे ते वाचकांनी दोनदा वाचावे. मासा न मिळाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. थंड पाण्यात पडलेला माणूस मात्र पाहता पाहता हातचा जातो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. अतिथंड पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर सारे संपते. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात, मग बोटे दोरी धरू शकत नाहीत. शुद्ध हरपण्यास तासभर लागू शकतो, पण तेवढा वेळ तरंगत राहण्यासाठी अंगावर तरंगते जाकीट हवे. पोहता येते म्हणून जाकीट न घालणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

म्हणून नियम थोडे पण पक्के. एकट्याने जाऊ नये. घरी जागा व परतण्याची वेळ सांगून निघावे. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात पहिल्या वर्षी उतरूच नये. पाण्यात चालण्याची रबरी विजार घातली तर तिच्यावर कमरेला पट्टा आवळावा, म्हणजे पडल्यास आत पाणी भरणार नाही. भरती आपल्या पाठीमागची वाट कधी बंद करील हे आधी पाहून ठेवावे. सुती कपडे अंगाशी घालू नयेत. सूत घाम धरून ठेवते आणि गार पडते. लोकर ओली झाली तरी ऊब देते. आमच्या धनगराची घोंगडी पावसात भिजूनही त्याला का राखते, याचे उत्तर यातच आहे. बोटे उघडी ठेवणारे लोकरीचे हातमोजे, कान झाकणारी टोपी, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि थर्मासमध्ये गरम चहा, एवढे बरोबर हवे. सोबती अडखळत बोलू लागला, त्याच्याने साधी गाठ सुटेना, किंवा थरथर कापणारा माणूस एकाएकी शांत झाला, तर ही धोक्याची खूण समजावी. त्याला कोरड्या, उबदार जागी न्यावे, ओले कपडे काढून गुंडाळावे व डॉक्टरांना बोलवावे. हातपाय चोळू नयेत, आणि ऊब यावी म्हणून दारू तर मुळीच देऊ नये. दारूने कातडी तापल्याचा भास होतो व आतली ऊब निघून जाते.

हा इशारा केवळ परदेशस्थांसाठी नाही. आमच्याकडच्या धरणांच्या काठी गाळ व शेवाळ असते, आणि सुटीच्या दिवशी पोहता न येणारी मुले तेथे उतरतात. गळाचा छंद मुलांना लावणाऱ्या प्रत्येक वडिलाने आधी त्यांना पोहणे शिकवावे.

हिंसेचा प्रश्न

सीमाभागातल्या अनेक मराठी घरांत मासा शिजत नाही. अशा घरातल्या मुलाने गळ हाती घ्यावा का, हा प्रश्न आम्हाला विचारला गेला आहे. तो हसून टाळावा असा नाही. धरून सोडून दिले की पाप लागत नाही, असे म्हणणे सोपे आहे, पण आकडा माशाच्या तोंडात रुततोच, आणि दमलेला मासा सोडला तरी प्रत्येक वेळी जगतोच असे नाही. म्हणून आमचे मत असे की, दोनच वाटा सरळ आहेत. एक तर खाण्यापुरता धरावा आणि तत्काळ मारावा, किंवा सोडावयाचा असेल तर हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता, क्षणात आकडा सोडवून मोकळा करावा. हवा शून्याखाली असेल तर पाण्याबाहेर त्याचे कल्ले व डोळे गोठू शकतात. छायाचित्रासाठी त्याला उंच धरून हसणे हे आम्हाला विनोदात बसत नाही. ज्याला या दोन्ही वाटा नकोत त्याने महाडजवळच्या वाळणकोंडीस जावे. तेथे देवीचे म्हणून मानलेले महसीर मासे माणसाच्या हातून खाद्य घेतात आणि त्यांना कोणी धरीत नाही. मासा ओळखणे व त्याला खाऊ घालणे हा मत्स्यविनोदाचा पूर्वार्ध आहे, आणि काहींनी तेथेच थांबावे यात कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न पोटाचा आहे. ज्या पाण्यावर आपण सुटी घालवितो त्याच पाण्यावर भोई आणि कोळी यांची चूल पेटते. आमच्या भागातल्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय खाते ठेक्याने देते आणि अनेक ठिकाणी ते मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतात. तेव्हा परवानगीवाचून काठी उभारू नये. परदेशी तर प्रत्येक राज्याचे परवाने, मापे आणि बंदीचे महिने वेगळे असतात. ते आधी वाचून घ्यावेत. पण परवान्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की, त्या माणसाला गुरू मानावे. मरळ कोठे बसते, वारा फिरला की चिलापी कोणत्या काठाला जाते, हे त्याने पुस्तकातून वाचलेले नसते. आपल्या समाजाने या माणसांना पिढ्यान्पिढ्या पाण्याच्या काठावरच ठेवले, ओसरीवर घेतले नाही. राजाने मत्स्यविनोद लिहिला तेव्हा माशांची ही सारी माहिती त्याच्या दरबारात कोणा पाण्यावरच्या माणसाकडूनच आली असली पाहिजे. ग्रंथात नाव मात्र राजाचे राहिले. आता ‘अहो दादा, जरा दाखवा’ असे म्हणून त्यांच्या शेजारी बसण्याची संधी या छंदाने येत असेल, तर मासा मिळो न मिळो, ती सोडू नये.

ज्यांना या हिवाळ्यात आरंभ करावयाचा आहे त्यांनी डिसेंबरात मैदानावर दोरी फेकण्यास लागावे, जानेवारीत परवानगी काढून जवळच्या तलावावर लहान माशांवर हात बसवावा, आणि पुढच्या वर्षी दिवाळीनंतर भरतीचे वेळापत्रक घेऊन कारवारची गाडी धरावी. परदेशस्थांनी जाकीट आणि सोबती आधी मिळवावा, काठी मागाहून. पहिले पाच-सहा दिवस बहुधा हात हलवीतच परतावे लागेल. त्या दिवसांत पाणी पाहून ठेवावे. भरती कोणत्या खडकापाशी वळते, बगळा कोठे उभा राहतो, हे वहीत टिपून ठेवले की सातव्या दिवशी माशी कोठे टाकावी हे कोणाला विचारावे लागत नाही.